हयातीचा दाखला

नोव्हेंबर उजाडला की निरोप यायचा :
रिक्षा घेऊन ये, जिवंत हाय म्हणून सांगून यायचंय.
नेमगोंडा मगदूम, वय एकशे एक,
संस्थानच्या जमाबंदी खात्यातले कारकून.
संस्थान गेलं, खातं गेलं,
पेन्शन तेवढी राहिली
आणि ती घेणारा.

शुक्रवार पेठेतून बाहेर पडेपर्यंत गप्प.
तालमीपाशी मात्र दरवर्षी तेच वाक्य :
"हितली पोरं हसायची मला.
फळकूट घिऊन कुठं निघालास, ये की मातीत."

फळकूट शिवणीचं. सुतारानं बैलगाडीच्या
उरलेल्या लाकडातून काढून दिलेलं,
आठ आणे, आणि वर एक शिवी.
चेंडू चामड्याचा, म्हणून आईनं
उंबऱ्याच्या आत कधी घेतला नाही. जैनाचं घर.
तो गोठ्यातल्या कोनाड्यात राहायचा
म्हशींचे उसासे ऐकत.
पांढरी विजार एकच. शनिवारी रात्री धुवायची,
रविवारी दमट घालून खेळायचं.
पगार नाही, बक्षीस नाही,
सामना सुटल्यावर केळं आणि चहा,
तोही दिवस बुडायच्या आत मिळाला तर.

मी क्रिकेटमधला नव्हे. मला कुस्ती कळते,
पाठ लागली की संपलं.
यांचं काही संपत नव्हतं.

साल एकोणचाळीस. समोर मिरजेचा संघ.
सॅम्युएल रणपिसे, मिशन दवाखान्यात कंपाउंडर,
चार धावांवर असताना
त्यानं चेंडू सरळ आभाळात घातला.
खाली हे.
"उन्हात गावला न्हाई असं न्हवं. दिसत हुता.
टाकं मोजता आलं असतं मला."
करंगळी मोडून चेंडू गवतात गेला.
रणपिशांनी त्र्याऐंशी काढल्या.

तेव्हापासून दर नाताळात मिरजेहून पोस्टकार्ड :
अजून नाबाद आहे. आपल्या कृपेने.
लग्न झालं तेव्हा, मुलगा झाला तेव्हा,
कृष्णेचं पाणी दारात आलं तेव्हा,
तेच पाच शब्द.
एक्केचाळीस कार्डं.
बेचाळिसावं आलं ते वेगळ्या अक्षरात.
ते त्यांनी कधी वाचून दाखवलं नाही.
मीही विचारलं नाही.

शंभरी भरली तेव्हा पेठेतल्या पोरांनी हार आणला,
शतक झालं अप्पा, म्हणाले.
भडकले. "धावा कुठं काढल्या मी? नुस्ता हुबा हाय.
हुबं ऱ्हायल्याबद्दल कोण टाळ्या वाजवतं?"
हार मात्र काढला नाही, जेवताना पण.

यंदा कोषागारात यंत्र आलेलं.
काचेवर अंगठा ठेवा, पोरगा म्हणाला.
ठेवला. लाल दिवा.
धोतराला पुसून ठेवला. लाल दिवा.
मग दहाही बोटं एकामागून एक.
कागद उलटून रेषा झिजल्या
की चेंडू अडवून, कोण सांगणार.
करंगळी तर काचेला टेकेचना.
"आजोबा, जुळत नाही."
"त्या दिवशी पण जुळलं न्हवतं हात," ते म्हणाले.
पोराला काय कळणार. त्यानं साहेबाला बोलावलं.
साहेबानं माझ्याकडं बघितलं : तेच का हे?
तेच, म्हटलं.
मग कपाटातून जुना फॉर्म निघाला,
साक्षीदाराच्या रेघेवर माझी सही.
एका माणसाचं असणं
मी बॉलपेननं लिहून दिलं,
खाली बिल्ला नंबर टाकून.

बाहेर आल्यावर म्हणाले, गंगावेशीत घे,
दूधकट्ट्यावर. ऊन हाय तवर.
म्हैस उभी होती. फेसाचा ग्लास
गवळ्यानं पुढं केला.
त्यांचे हात थरथरतात, म्हणून मी पुढं झालो.
सर बाजूला, म्हणाले.
कोपरं पोटाशी घेतली,
तळव्याला तळवा लावून ओंजळ उघडली,
करंगळी तेवढी बाहेर, वाकडी,
नजर ग्लासावर.
आणि गवळ्याला म्हणाले : सोड.

गवळी माझ्याकडं बघायला लागला.